आई नेमकी कुठल्या टप्प्यावर आहे? घरच्यांच्या माहितीवरून स्मृतिभ्रंशाची तीव्रता ओळखताना

"हल्ली आई खूप विसरते." ओपीडीत बहुतेक घरचे एवढंच सांगतात. या वाक्यातून डॉक्टरांच्या हाती जवळजवळ काहीच लागत नाही. चष्मा कुठं ठेवला ते न आठवणं हेही 'खूप' आणि पोटच्या मुलाला न ओळखणं हेही 'खूप'च. तेच कुणी सांगितलं, "दिवाळीपर्यंत आई अंघोळ स्वतः करायची, आता बादली भरून दिली तरी नुसती बसून राहते, 'तांब्या घे' म्हटलं की घेते," तर आजार कुठवर आलाय याचा बराच अंदाज तिथल्या तिथं येतो.

स्मृतिभ्रंश किती पुढे गेलाय हे मेंदूच्या स्कॅनवरून पुरतं कळत नाही. प्रश्नोत्तरांच्या चाचणीवरूनही नाही. निवृत्त शिक्षक शंभरातून सात वजा करत खाली येतात, चांगले गुण मिळवतात आणि घरी गॅस सुरू ठेवून झोपतात. उलट, शाळेचं तोंड न पाहिलेल्या आजींना कमी गुण पडतात, पण घरात कोणता डबा कुठं आहे हे त्यांना अंधारातही सापडतं. म्हणून घरच्यांची माहिती हा तपासणीचा कणा आहे. अल्झायमर हा आजार ज्यांच्या नावानं ओळखला जातो, त्या डॉ. आलोइस अल्झायमर यांनी १९०१ साली फ्रँकफर्टमध्ये ऑगस्ट डेटर या रुग्णाची तपासणी केली, तेव्हाही बाईंच्या वागण्यात काय काय बदललं हे आधी नवऱ्यानंच सांगितलं होतं. भारतात साठीपुढच्या लोकांत स्मृतिभ्रंशाचं (डिमेन्शियाचं) प्रमाण सुमारे ७.४ टक्के, म्हणजे अंदाजे ८८ लाख माणसं, असं २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात आढळलं. तरी घराघरांत 'साठी बुद्धी नाठी' म्हणून विषय संपवला जातो.

हा लेख निदान झालेल्या किंवा डॉक्टरांना शंका आलेल्या रुग्णाच्या घरच्यांसाठी आहे. निदान घरी करायचं नाही. थायरॉइड, बी-१२ची कमतरता, नैराश्य, कमी ऐकू येणं, झोपेच्या गोळ्या यांनीही माणूस अगदी असाच वागू शकतो, आणि त्यावर इलाज असतो.

पहिली पायरी : सांगणारा कोण, ते ठरवा

आपल्याकडे डॉक्टरांशी बोलतो थोरला मुलगा आणि अंघोळ घालते सून, बायको किंवा ब्युरोकडून आलेली मावशी. मुलगा म्हणतो, "तसं ठीक आहे, वयोमानानं थोडं होतंच." मागं उभी असलेली सून गप्प राहते. माझं स्पष्ट मत आहे की जो अंघोळ घालतो आणि जेवू घालतो, त्यानंच बोलावं. मावशींना दवाखान्यात आणणं जमत नसेल तर आदल्या संध्याकाळी त्यांच्यापाशी बसून विचारा आणि त्या सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या.

परदेशातल्या मुलाला व्हिडिओ कॉलवर दहा मिनिटांत फारसं काही कळत नाही. "हो, सगळं छान. तू जेवलास का? तिकडं थंडी असेल." ही आयुष्यभर बोललेली वाक्यं आहेत, ती खूप उशिरापर्यंत टिकतात. सौम्य टप्प्यातला माणूस वरवर पाहणाऱ्याला अगदी नेहमीसारखाच वाटतो. पण तोच मुलगा वर्षानं घरी येतो, तेव्हा रोज पाहणाऱ्यांच्या नजरेतून सुटलेला बदल त्याला पहिल्या दिवशी दिसतो. त्याचंही ऐका. दोघांचं म्हणणं जुळलं नाही तर वाद घालू नका, दोन्ही लिहून ठेवा.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. हे सगळं आई-बाबांच्या समोर बोलू नका. "यांना आता कळत नाही" हे वाक्य बरंच उशिरापर्यंत कळतं आणि लागतंही. तीव्रता मोजायच्या नामांकित पद्धतीतसुद्धा घरच्यांची मुलाखत आधी आणि वेगळी घेतात. डॉक्टरांकडं पाच मिनिटं वेगळी मागा, नाहीतर आधीच चिठ्ठी आत पाठवा.

दुसरी पायरी : तुलना त्याच माणसाशी करा

शेजारचे काका ऐंशीव्या वर्षी शेअर बाजार बघतात, हे इथं कामाचं नाही. आपला माणूस आधी कसा होता आणि आता कसा आहे, एवढंच पाहायचं. ऑस्ट्रेलियात १९८९ साली तयार झालेल्या 'आयक्यूकोड' या प्रश्नावलीचा सगळा भर यावर आहे. जवळच्या माणसानं दहा वर्षांपूर्वीची स्थिती आठवायची आणि २६ बाबींत प्रत्येकी १ ते ५ गुण द्यायचे. ३ म्हणजे काही फरक नाही, त्याच्या वर गेलं की घसरण. 'एडी-८' ही आणखी छोटी, आठच प्रश्नांची. दोन किंवा जास्त ठिकाणी 'बदल झालाय' असं उत्तर आलं तर पुढची तपासणी करावी असा तिचा संकेत. या दोन्हींतून बदल आहे की नाही ते कळतं, तो कोणत्या टप्प्यावर आहे ते नाही. पण आधीच्या स्वतःशी तुलना करायची ही रीत सगळीकडं लागू पडते.

आता आपल्या घरांचं बघू. बाबांनी जन्मात चहा केला नसेल, तर आज त्यांना चहा करता येत नाही हे लक्षण नव्हे. आजी कधी बँकेत गेल्या नाहीत, मग त्यांना पासबुक दाखवून काय होणार? पण त्या भिशी चालवत असतील, महिन्याला किती तूरडाळ लागते हे तोंडपाठ सांगत असतील, कोणाच्या लग्नात काय आहेर केला हे त्यांना ठाऊक असेल, तर तिथं बघा. हरियाणातल्या बल्लभगडमधल्या, बहुतांश निरक्षर असलेल्या ज्येष्ठांसाठी याच कारणानं रोजच्या कामांवर आधारित 'इझी' ही वेगळी भारतीय मोजपट्टी बनवावी लागली.

वहीत तीन रकाने करा : आधीपासूनच करत नव्हते, शरीरामुळं जमत नाही, आता सुचत नाही. तीव्रतेत फक्त तिसरा धरायचा. गुडघे दुखतात म्हणून मंडईत जाणं बंद झालं असेल तर ते दुसऱ्या रकान्यात. पण तिथं एकदा खात्री करून घ्या, कारण गुडघ्याचं निमित्त पुष्कळदा पुढं केलं जातं. रिक्षानं मंडईत न्या. भाजी निवडतात का, भाव करतात का, परत आलेले सुट्टे पैसे मोजून घेतात का ते पाहा.

तिसरी पायरी : आठवडाभर नोंद

एक साधी वही पुरे. काय घडलं, केव्हा घडलं, स्वतः कुठवर केलं आणि आपण काय मदत केली, हे लिहायचं. "आज फार त्रास दिला" ही नोंद आपल्या थकव्याची झाली, त्यांच्या आजाराची नाही. कामाची नोंद अशी :

"सकाळी साडेसात. साडी नेसायला घेतली. परकर, ब्लाउज नीट घातले. निऱ्या घातल्या, हातातून सुटल्या, परत घातल्या, परत सुटल्या. मग साडी तशीच खांद्यावर टाकून बाहेर आली. मी निऱ्या करून खोचून दिल्या. पदर तिनं स्वतः घेतला आणि पिन मागितली."

या पाच-सहा ओळींत किती काय आहे बघा. कपड्यांचा क्रम शाबूत आहे. अवघड, एकामागून एक करायच्या हालचालींत गाडी अडते. आपलं चुकतंय हे कळत नाही, म्हणूनच ती तशीच बाहेर आली. आणि हात लावून मदत लागली, पण सगळं करून द्यावं लागलं नाही.

मदत लिहिताना पाचांपैकी एक शब्दप्रयोग ठरवून वापरा : मदत नको, नुसती आठवण करावी लागली, समोर उभं राहून एकेक सांगावं लागलं, हात लावावा लागला, सगळं आपणच केलं. टप्पा ठरवायला एकूण चुकांपेक्षा ही मदतीची पायरी जास्त उपयोगी पडते.

इथं एक अडचण येते. सकाळी मुलांचे डबे, ऑफिसची घाई, त्यात आपण पटकन साडी नेसवून मोकळे होतो. मग त्यांना कितपत जमतं हे कुणालाच कळत नाही, आणि सवय सुटल्यामुळं जे जमत होतं तेही जातं. म्हणून त्या आठवड्यात प्रत्येक कामाला एकदा तरी हात मागं ठेवून थांबा. गॅस, ओली फरशी आणि जिना मात्र यातून वगळा. तिथं परीक्षा घ्यायची नाही.

चौथी पायरी : सहा बाजूंनी पाहा

अमेरिकेतल्या सेंट लुइस इथल्या वॉशिंग्टन विद्यापीठात १९८२ साली स्मृतिभ्रंशाची तीव्रता मोजायची 'सीडीआर' ही पद्धत मांडली गेली. आज जगभर वापरली जाते. तिच्यात सहा बाबी असतात आणि प्रत्येकीला ०, अर्धा, १, २ किंवा ३ गुण. शून्य म्हणजे निरोगी, अर्धा म्हणजे शंकास्पद किंवा अगदी सौम्य, १ सौम्य, २ मध्यम, ३ तीव्र. अधिकृत गुण प्रशिक्षित माणूसच देतो. पण त्याला लागणारी माहिती तुमच्याकडंच असते.

*स्मरण* यातलं सगळ्यांत वजनदार. मुलाखतीत घरच्यांना आधी विचारतात : गेल्या आठवड्यात आणि गेल्या महिन्यात घरात काय घडलं? कुठं, कोण होतं, किती वाजता? मग तेच रुग्णाला विचारतात. घरी हे सहज करता येतं. समजा रविवारी भाचीचा साखरपुडा झाला. कोण आलं होतं, जेवायला काय होतं, तुम्ही घरी कशानं परतलात हे आधी लिहून ठेवा. बुधवारी चहा पिताना विचारा, "आई, रविवारी आपण कुठं गेलो होतो गं?" कार्यक्रम आठवला पण बारकावे गेले, ही एक स्थिती. "भाचीचं काहीतरी होतं ना?" असं सुचवल्यावर आठवलं, ही दुसरी. सुचवूनही "मी कुठं गेले होते? मी तर घरीच होते," असं उत्तर आलं, तर तिसरी. नेमकं उत्तर लिहून ठेवा आणि विषय बदला. "अगं, असं काय करतेस!" म्हणू नका.

फसगत बहुतेक इथंच होते. "आईला सगळ्या आरत्या पाठ आहेत, स्तोत्रं एका दमात म्हणते, मग स्मृतिभ्रंश कसला?" असं घरचे अगदी मनापासून म्हणतात. पण लहानपणापासून हजारो वेळा म्हटलेलं सगळ्यांत शेवटी जातं. मध्यम टप्प्यात नवं काही टिकत नाही आणि घोटून घोटून पक्कं झालेलं तेवढं उरतं, असंच या पद्धतीत सांगितलेलं आहे. आरती येते याचा आनंद घ्या, रोज म्हणून घ्या, पण तिच्यावरून टप्पा ठरवू नका.

*काळ आणि स्थळ.* निवृत्तीनंतर तारीख कुणाचीही चुकते. त्यापेक्षा सकाळ आहे की संध्याकाळ, आत्ताच कोणता सण झाला, उन्हाळा की पावसाळा, हे विचारा. रस्ता चुकणं ओळखीच्या गल्लीत होतं की नवीन भागात? आणि स्वतःच्याच घरात बसून "मला घरी जायचंय" हे किती वेळा येतं?

*निर्णय.* पेन्शनचा हिशेब, नोव्हेंबरातला हयातीचा दाखला, फोनवर ओटीपी मागणारा माणूस, दूध उतू गेलं तर काय करायचं. एकच दुधाचं बिल दोनदा दिलं असेल तर तारखेसह लिहा.

*बाहेरचा वावर.* भजनी मंडळ, ज्येष्ठ नागरिक संघ, लग्नकार्य. सौम्य टप्प्यात माणूस जातो, पण कामात स्वतंत्र राहत नाही. मध्यममध्ये त्याला कुणीतरी घेऊन जावं लागतं. तीव्रमध्ये नेण्यासारखी स्थितीच नसते.

*घर आणि छंद.* यात फोडणी बघा. तेल, मोहरी, हिंग, हळद हा क्रम चुकू लागला, मीठ दोनदा पडलं, एक भाजी सोडून बाकी सगळं करणंच थांबलं, या खुणा आहेत. पुरुषांच्या बाबतीत पेपर वाचणं, पत्ते, बागकाम, स्कूटर पुसणं. पेपर हातात आहे पण तासभर तेच पान, हे न वाचण्यासारखंच.

*स्वतःची निगा.* इथं अर्धा गुण नसतो. सांगावं लागलं की १, कपडे-अंघोळीला हात लावावा लागला की २, बहुतेक सगळं दुसऱ्यानं करायचं आणि लघवी-संडासवर वरचेवर ताबा नाही, तर ३.

पाचवी पायरी : टप्पा आणि त्याचा क्रम

सहा आकड्यांची नुसती सरासरी काढायची नसते. सीडीआरमध्ये स्मरण हा मुख्य आधार धरून बाकीच्यांकडं पाहतात. शिवाय सहाही बाबींची बेरीज शून्य ते १८ मध्ये येते, ती दर खेपेला तुलना करायला बरी पडते. फक्त घरच्यांच्या उत्तरांवर चालणारी 'डीएसआरएस' ही प्रश्नावलीही आहे. तिच्यात बोलणं, माणसं ओळखणं, जेवण, चालणं अशाही बाबी असतात, जास्तीत जास्त गुण ५४. तुमच्या डॉक्टरांना कोणती वापरायची ते विचारा आणि दर वेळी तीच वापरा.

घरच्यांना समजायला मला सर्वांत सोपी वाटते ती बॅरी रायसबर्ग यांची 'फास्ट' मोजपट्टी. अल्झायमर या स्मृतिभ्रंशाच्या प्रकारात क्षमता साधारण एका क्रमानं जातात असं ती मांडते. आधी व्यवहार आणि हिशेब. मग प्रसंगाला साजेसे कपडे निवडणं. मग ते अंगावर घालणं, मग अंघोळ, मग संडासनंतरची स्वच्छता, मग लघवीवरचा आणि त्यानंतर शौचावरचा ताबा. शेवटच्या टप्प्यात बोलणं मोजक्या शब्दांवर येतं, पुढं चालणं, आधाराशिवाय बसणं, हसणंही जातं.

हा क्रम मोडला तर ती डॉक्टरांना सांगण्यासारखी मोठी बातमी आहे. आई अजून भाजीचा हिशेब करते पण लघवी कपड्यात होते, तर कारण मूत्रमार्गाचा संसर्ग असू शकतो. चालही बिघडली असेल तर मेंदूत पाणी साठण्याचा आजार पाहावा लागतो. स्मरण ठीक पण वागण्यातला विवेक आधी गेला, किंवा लवकरच माणसं-प्राणी दिसू लागले आणि दिवसागणिक चढउतार होतो, तर स्मृतिभ्रंशाचा प्रकारच वेगळा असू शकतो.

टप्पा कळला की काही कामं तातडीची होतात. सौम्य टप्प्यात, माणसाला कळतंय तोवर, मृत्युपत्र, बँकेतलं वारसनाम, संयुक्त खातं ही कामं त्याच्याशी बोलून, त्याच्या मर्जीनं उरकून घ्या. नंतर पाहू म्हणून मुखत्यारपत्रावर विसंबू नका. देणाऱ्याची मती शाबूत राहिली नाही की साधं मुखत्यारपत्र आपल्या कायद्यानुसार संपुष्टात येतं. मग पालक नेमून घ्यायला न्यायालयात जावं लागतं.

वागणं वेगळं लिहा

सुनेनं बांगड्या चोरल्या असा आळ, रात्री उठून दाराची कडी काढणं, दिवेलागणीला वाढणारी अस्वस्थता, शिव्या, भास. घरचे यालाच 'आजार वाढला' म्हणतात, आणि ते साहजिक आहे, कारण घर मोडून पडतं ते याच्यामुळंच. पण वागणुकीची लक्षणं आणि टप्पा हातात हात घालून चालत नाहीत. मध्यम टप्प्यात फार भडकलेली असतात, तीव्र टप्प्यात कधी शांत होतात. वागणुकीची लक्षणं मोजायला १९९४ साली आलेल्या 'एनपीआय' या प्रश्नावलीत प्रत्येक लक्षण किती वेळा होतं आणि किती जोराचं, असे दोन आकडे गुणले जातात, आणि सांभाळणाऱ्याला त्याचा किती त्रास होतो तेही वेगळं विचारतात. वहीतही तसंच करा : आठवड्यातून किती वेळा, समजूत घातल्यावर थांबतं का, तुम्हाला किती जड जातं.

एका रात्रीत बिघडलं तर

स्मृतिभ्रंश महिन्यांच्या चालीनं पुढं जातो. परवापर्यंत जेवायला बसणारे बाबा आज अचानक बरळतायत, झापड आलीय, कुणाला ओळखत नाहीत, तर टप्पा बदलला असं समजू नका. त्याला डिलिरियम म्हणतात आणि त्यामागं बहुधा दुसरं काहीतरी असतं : लघवीचा किंवा छातीचा संसर्ग, सोडियम कमी होणं, पाणी कमी पडणं, बद्धकोष्ठ, नवं औषध, पडल्यानं डोक्याला मार. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. त्या दिवसांतल्या नोंदी तीव्रतेच्या हिशेबात धरू नका.

सांगणाऱ्याचं मनही मोजा

रात्र रात्र जागलेल्या माणसाला सगळंच जास्त वाईट दिसतं. ज्याला हे मान्यच करवत नाही, त्याला सगळं बरं दिसतं. यात कुणाचाही दोष नाही, पण डॉक्टरांना ते माहीत असायला हवं. सांभाळणाऱ्यावरचा भार मोजायला 'झॅरिट' ही २२ प्रश्नांची प्रश्नावली आहे, मागून घ्या. झोप उडालीय, रडू येतंय, हात उगारावासा वाटतोय असं असेल तर तेही सांगा. मानसिक आरोग्यासाठीची टेलि-मानस १४४१६ आणि ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन १४५६७ या सरकारी सेवांवर मराठीतही बोलता येतं. एकटी सून हे सगळं पेलत असेल तर बाकीच्यांनी आठवड्यातले दिवस वाटून घ्यावेत. त्यानं तिची माहितीही अधिक नेमकी होईल.

डॉक्टरांकडं नेण्याचं एक पान

वही पूर्ण वाचायला डॉक्टरांना वेळ नसतो. एका पानावर उतरवा : सांगणाऱ्याचं नातं आणि तो दिवसाचे किती तास सोबत असतो, शिक्षण आणि पूर्वीचं काम, पहिला बदल कधी जाणवला, सहा बाबींखाली प्रत्येकी एक ठळक प्रसंग, मदतीची पायरी, वागणुकीतली सगळ्यांत त्रासदायक दोन लक्षणं, चालू औषधं (आयुर्वेदिक आणि मेडिकलमधून थेट आणलेलीही), ऐकू येणं, नजर, झोप, वजन. मागच्या भेटीनंतर जे नव्यानं जमेनासं झालं त्याखाली रेघ ओढा.

साधारण सहा महिन्यांनी हेच सगळं पुन्हा करा, शक्यतो त्याच माणसानं आणि त्याच प्रश्नांवर. मधल्या काळात औषध बदललं, रुग्णालयात राहावं लागलं, मावशी सोडून गेल्या किंवा घर बदललं, तर ती तारीख त्याच पानाच्या कडेला लिहून ठेवा.